वऱ्हाडच्या कापसाची राहून गेलेली जलवाट

बुलढाणा जिल्ह्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून जाते आणि तिच्यावरूनच इथली माणसं स्वतःची ओळख सांगतात: आम्ही घाटावरचे, ते घाटाखालचे. घाटाखाली नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा पूर्णेला मिळतात, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. घाटावर मढ गावाजवळ, बुधनेश्वरापाशी, पैनगंगा उगम पावते आणि नेमकी उलट्या अंगाला निघते. येळगावच्या धरणातून बुलढाणा शहराची तहान भागवून ती पेनटाकळीवरून मेहकरला येते. पुढे विदर्भ आणि मराठवाड्याची शीव धरत वढ्याच्या संगमावर वर्धेला मिळते. वर्धा चपराळ्यापाशी वैनगंगेला भेटते, दोघींची मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि मेहकरचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला लागतं.

पाण्याला जशा दोन वाटा आहेत, तशाच एकेकाळी इथल्या कापसापुढेही दोन वाटा होत्या. एक पश्चिमेला, सह्याद्री उतरून मुंबईला. दुसरी पूर्वेला, नदीच्या अंगाखांद्यावरून काकिनाड्याला. ही दुसरी वाट म्हणजे कुणा एकाची कविकल्पना नव्हती. तिच्यासाठी सरकारनं निजामाशी करार केला, नवा जिल्हा आखला, नदीत बंधारा घातला, खडकातून कालवा काढला आणि सात लाख पौंड खर्च केले. मग 1871 साली एका हुकमासरशी सगळं सोडून दिलं. वऱ्हाडच्या इतिहासात रेल्वेची गोष्ट सगळे सांगतात. नदीची गोष्ट सांगितली जात नाही. मला ती सांगावीशी वाटते, कारण घाटावरच्या तालुक्यांचं आजचं दळणवळण समजून घ्यायचं असेल तर तिला वळसा घालून जाता येत नाही.

सुरुवात बैलापासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातला कापूस मुख्यतः उत्तरेला जायचा, गंगेकाठच्या मिर्झापूरला. नेणारे लमाण. हजारो बैलांचे तांडे सातपुडा ओलांडून, जबलपूरच्या वाटेनं गंगेपर्यंत जात आणि तिथं माल नावेत चढून बंगालला उतरत असे. म्हणजे वऱ्हाडच्या कापसाला पाण्याची ओळख पुढे आलेल्या इंग्रज साहेबानं करून दिली असं नाही. नावेपर्यंत पोचायला बैलाला पाचशे मैल चालावं लागत होतं, एवढीच अडचण होती. 1842 साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानं एक लाख बैल कापूस लादून या वाटेनं कलकत्त्याकडे धाडल्याचं सांगतात. आकडा ऐकताना थोडं थांबून विचार करावा. एक लाख बैलांना रस्त्यात चारा हवा, पाणी हवं, मुक्कामाला माळ हवा. दुष्काळाच्या वर्षी यातलं काहीच मिळत नाही, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

मुंबईची वाट त्या मानानं नवी. 1825-26 साली विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी या पारशी बंधूंच्या पेढीनं वऱ्हाडातून पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात कापूस मुंबईला पाठवला. पाचशे बैलांवर 1 लाख 20 हजार पौंड. मुंबईत त्याचे 25 हजार रुपये आले. हिशेब केला तर एका बैलाच्या पाठीवर 240 पौंड, म्हणजे आजचे सुमारे 109 किलो. पाठीच्या दोन्ही बाजूंना दोन गोण्या. गोणीतला कापूस न दाबलेला, सैल. दिवसभर पुढच्या बैलाच्या खुरांची धूळ मागच्या बैलाच्या गोणीत शिरायची. रात्री ओझं उतरवून जमिनीवर ठेवायचं, त्यात काडीकचरा मिसळायचा. वळवाचा पाऊस गाठला तर कापूस भिजून जड व्हायचा आणि बैल बसायचा. मुंबईच्या बाजारात, आणि पुढे लिव्हरपूलला, हिंदुस्थानी कापूस मळका म्हणून हिणवला जाई. त्यात काही लबाडी असेलही, पण बरीचशी घाण रस्त्याची होती.

घाटाखाली खामगावची कापूसपेठ 1820 च्या सुमारास बसली आणि बघता बघता वऱ्हाडातल्या पहिल्या दोन पेठांत गणली जाऊ लागली. खामगाव त्या वेळी अकोल्यात मोडायचं. बुलढाणा जिल्ह्यात ते 1905 च्या फेररचनेत आलं. मेहकर, चिखली, देऊळगावकडचा शेतकरी बोथ्याचा किंवा राजूरचा घाट उतरून खाली यायचा. डोंगर उतरला की पेठ, आणि पेठेपुढे मुंबईचा रस्ता. त्याच्या स्वतःच्या गावाजवळून वाहणारी पैनगंगा मात्र पूर्वेला चालली होती आणि तिच्याकडे वाट म्हणून कुणी पाहत नव्हतं.

नदीकडे वाट म्हणून पाहणारा माणूस गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला होता. आर्थर कॉटन हा मद्रासकडचा लष्करी इंजिनिअर. 1847 ते 1852 या काळात त्यानं राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला आणि दुष्काळानं पोळलेल्या त्या त्रिभुज प्रदेशाचं सोनं केलं. आजही तिकडे शेतकरी त्याच्या पुतळ्याला हार घालतात आणि गोदावरीत उतरताना त्याचं नाव घेतात. कॉटनचे कालवे शेताला पाणी द्यायचे, त्याचबरोबर ते नावा चालवण्यासाठीही आखलेले होते. माल शेतातून नावेत आणि नावेतून काकिनाडा बंदरात. इथवर आल्यावर त्याची नजर नदीच्या वरच्या अंगाला गेली नसती तरच नवल. पाचशे मैलांच्या आत वऱ्हाड होतं, आणि वऱ्हाडात कापूस होता.

त्याचा सिद्धांत सरळ होता. रेल्वे वेगानं नेते हे खरं, पण कापसाला, मिठाला, धान्याला वेगाची घाई नसते, स्वस्ताईची असते. एक टन माल एक मैल न्यायला पाण्यावर जो खर्च येतो तो रुळांवरच्या खर्चाचा लहानसा अंश असतो. मिठाची तर जाता-येता सोय होती: किनाऱ्यावरचं मीठ वर जाईल, वरचा कापूस खाली येईल, नाव रिकामी फिरणार नाही. हे म्हणणं त्यानं पुस्तकांतून, पत्रांतून, पार्लमेंटच्या समितीपुढे आयुष्यभर मांडलं. 1803 साली जन्मलेला हा माणूस 1899 पर्यंत जगला आणि शेवटपर्यंत आपलं म्हणणं बदललं नाही.

विरुद्ध बाजूलाही कापूसच होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची कल्पना घेऊन 1840 च्या दशकात मुंबईला आलेला जॉन चॅपमन सह्याद्रीचे घाट मोजत होता तो वऱ्हाडपर्यंत पोचता यावं म्हणूनच. त्यानं 1851 साली हिंदुस्थानच्या कापसावर पुस्तकच लिहिलं. त्याच्या कंपनीला सरकारनं भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडी तोट्यात चालली तरी लंडनच्या भागधारकाला पाच टक्के मिळणार आणि ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाणार. नदीला अशी हमी कुणी दिली नाही. तिला दरवर्षी सरकारच्या अंदाजपत्रकात हात पसरावा लागला. या शर्यतीत कोण पुढे जाणार हे इथंच बरंचसं ठरून गेलं होतं, असं मला वाटतं.

तरीही 1850 च्या दशकात नदीच्या बाजूनं वारं होतं. 1853 च्या मे महिन्यातल्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. फेलिक्स थॅकरे हेग या तरुण इंजिनिअरनं गोदावरीची वरची पात्रं पालथी घातली आणि अडचण नेमकी कुठं आहे ते दाखवलं. गोदावरी आणि प्राणहिता बऱ्याच लांबीवर शांत, रुंद आणि नावाजोग्या होत्या. अडचण तीन ठिकाणी होती. पहिला अडथळा भद्राचलमच्या वरच्या अंगाला दुम्मगुडेमला. दुसरा सिरोंच्याच्या खाली इंचमपल्लीला. तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी तालुक्यात. या तिन्ही ठिकाणी नदी मैलोन् मैल खडकांतून फुटत, उड्या घेत जाते. हे तीन अडथळे पार केले की समुद्रापासून वर्धेच्या कापूसपट्ट्यापर्यंत, हिंगणघाटाच्या आसपास, चारशे मैलांहून लांब जलमार्ग मोकळा होणार होता.

त्यासाठी आधी राजकारण करावं लागलं, कारण नदीचा काठ निजामाचा होता. 26 डिसेंबर 1860 च्या तहात इंग्रजांनी रायचूर दुआब आणि धाराशिव निजामाला परत केले, वऱ्हाड स्वतःकडे ठेवलं, आणि गोदावरीच्या डाव्या काठचे निजामाचे तालुके घेतले. या नदीवरून जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची नाही हेही त्याच तहात कबूल करून घेतलं. डाव्या काठाचा ‘अप्पर गोदावरी’ नावाचा नवा जिल्हा झाला, त्याचं ठाणं सिरोंचा. तिथला अधिकारी ग्लासफर्ड याच्या नावाचं ग्लासफोर्डपेठा हे गाव सिरोंच्याजवळ अजून आहे. आज महाराष्ट्राचं शेवटचं टोक म्हणून ज्या सिरोंच्याला आपण ओळखतो, ते त्या दहा वर्षांत मध्य हिंदुस्थानच्या व्यापाराचं दार होणार होतं.

आता त्या अडथळ्यांवर काय करायचं होतं ते जरा जवळून पाहू. खळाळत्या पात्रातून नाव वर नेणं अशक्य, म्हणून नदीला बगल देणारा कालवा काढायचा. अडथळ्याच्या वरच्या टोकाला नदीवर आडवा दगडी बंधारा घालून पाण्याची पातळी उचलायची, म्हणजे ते कालव्यात वळतं. कालवा काठाकाठानं खडकांच्या खालपर्यंत जातो. पण वरचं आणि खालचं पाणी यांच्या पातळीत मोठा फरक असतो. तो फरक पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायला कालव्यात लॉक बांधतात: दगडी भिंतींची लांबट खोली, दोन्ही टोकांना जाड लाकडी दरवाजे. वरून नाव आत आली की मागचा दरवाजा बंद. मग पुढच्या दरवाज्याच्या खिडक्या उघडून आतलं पाणी हळूहळू खाली सोडायचं. नाव पाण्याबरोबर खाली बसते. पाणी खालच्या कालव्याशी समपातळीत आलं की पुढचा दरवाजा उघडतो आणि नाव बाहेर पडते. वर जाताना हेच उलट. ना वल्हं मारायला लागत, ना दोर ओढायला. तेच पाणी नाव उचलतं आणि उतरवतं.

कागदावर हे सोपं दिसतं. जागेवर तो कठीण खडक होता, सुरुंगाच्या दारूनं फोडावा लागणारा. आजूबाजूला दाट सागवानी रान, कोया आणि गोंड वस्त्या विरळ, आणि मजूर आणायचे ते खालून, तेलुगू मुलखातून. नदीत काम करायचे महिने मोजके, कारण पावसाळ्यात गोदावरी पन्नास-पन्नास फूट चढते आणि बांधलेलं वाहून नेते. पाणी ओसरलं की रानातला हिवताप यायचा, आणि छावणीत पटकी शिरली की मजूर रातोरात पळून जायचे. हंगाम वाया. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून मजूर गोळा करायचे. खर्चाचे अंदाज चुकले ते बहुतांशी याच कारणानं. खडकाची लांबी मोजता येते; तापानं किती माणसं आडवी होतील याचा अंदाज कुणी बांधायचा?

मधल्या काळात अमेरिकेत यादवी पेटली. 1861 ते 1865 ही चार वर्षं लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. मँचेस्टरच्या कापूस पुरवठा संघानं आणि व्यापारी मंडळानं वऱ्हाडकडे डोळे लावले आणि गोदावरीचं काम लवकर करा म्हणून लंडनमध्ये तगादा लावला. नव्यानं झालेल्या मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल या कामाचा कैवारी होता. नागपूरला बसून तो दक्षिणेकडे सिरोंच्यापर्यंत पाहायचा. दुम्मगुडेमचा बंधारा उभा राहिला, कालवा आणि लॉक झाले. इंचमपल्लीलाही हात लागला.

पण मँचेस्टरची निकड युद्धाइतकीच टिकली. 1865 ला यादवी संपली, कापसाचा भाव कोसळला, मुंबईतले शेअरवाले बुडाले. आणि त्याच वर्षी थळ घाटातून गाडी धावू लागली. 1867 च्या फेब्रुवारीत रूळ नागपूरला पोचले. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही बुलढाण्याच्या घाटाखालची गावं मुंबईच्या एका दिवसाच्या टप्प्यात आली. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपला जाणाऱ्या मालासाठी मुंबईचं बंदर आणखी जवळचं ठरलं. काकिनाड्याहून निघालेल्या जहाजाला आधी श्रीलंकेला वळसा घालायचा होता.

नदीची आणखी एक अडचण होती, आणि तिच्याकडे कॉटनच्या चाहत्यांनी पुरेसं लक्ष दिलं नाही असं माझं मत आहे. नदीत नावेजोगं पाणी असतं ते पावसाळा आणि त्यानंतरचे थोडे महिने. वऱ्हाडात कापसाची वेचणी सुरू होते दिवाळीच्या आगेमागे आणि चालते संक्रांतीनंतरही. कापूस वेचून, सरकी काढून, गाठी बांधून वर्धेच्या काठाला येईपर्यंत नदी उतरणीला लागलेली. उशिरा आलेल्या मालाला पुढचा पावसाळा येईपर्यंत काठावर थांबावं लागलं असतं. सावकाराचं व्याज चालू, उंदीर, वाळवी, आग यांची भीती चालू. जो व्यापारी उधारीवर कापूस घेतो त्याला स्वस्त भाड्यापेक्षा लवकर मिळणारे पैसे मोलाचे असतात. कॉटन म्हणायचा की कापसाला घाई नसते. कापसाला नसेल, अडत्याला असते.

मग 1870 चा मार्च. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत सरकारनं सुमारे आठ मैलांचा खास फाटा टाकला होता, त्याचं उद्घाटन त्याच्या हातून झालं. आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉयनं यावं यातच खामगावच्या पेठेचं वजन कळतं. त्याच सुमारास हिंदुस्थान सरकार तुटीत होतं आणि मेयोनं सार्वजनिक बांधकामाच्या खर्चाला कात्री लावायला घेतली होती. दीड वर्षानं, 1871 च्या ऑक्टोबरात, त्याच्याच सरकारच्या हुकमानं गोदावरीचं काम थांबलं. तोवर सुमारे सात लाख पौंड, तेव्हाच्या हिशेबानं सत्तर लाख रुपये, नदीत गेले होते. पुढच्या फेब्रुवारीत अंदमानात मेयोचा खून झाला. खामगावचा फाटा आणि गोदावरीचा बंद पडलेला कालवा, दोन्ही एकाच माणसाच्या कारकिर्दीतले. इतिहासात निर्णयाची दोन्ही टोकं इतकी जवळजवळ क्वचितच सापडतात.

हुकमानंतर जे झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. अप्पर गोदावरी जिल्हा मोडला. भद्राचलम आणि रेकापल्ली 1874 साली मद्रासकडे गेले, सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडला गेला आणि मध्य हिंदुस्थानचं दार व्हायचं ते गाव पुन्हा रानात गेलं. वर्धेच्या खोऱ्यात, जिथं नावा यायच्या होत्या, 1870 च्या दशकात हिंगणघाट आणि वरोऱ्याकडे रूळ गेले, कापसाबरोबर कोळसाही न्यायला. 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि काही कापसाला समुद्र गाठायची गरजच उरली नाही. नदीवर उरले ते सागाचे तराफे. अहेरी आणि सिरोंच्याचे ओंडके प्राणहितेतून राजमहेंद्रीपर्यंत वाहत जात राहिले. हेगनं दुम्मगुडेमला कोया लोकांसाठी सुरू करून दिलेलं मिशन त्या कामाहून जास्त टिकलं. आणि बंधाराही टिकला. दीडशे वर्षांचे पूर अंगावर घेऊन दुम्मगुडेमचा दगडी बंधारा आजही गोदावरीत उभा आहे.

या सगळ्यात बुलढाण्याची पैनगंगा कुठे होती, असा प्रश्न घाटावरचा वाचक विचारील, आणि तो विचारायलाच हवा. ती कुठेही नव्हती. तिच्या पात्रातून नाव कधी मेहकरला पोचली नसती. उन्हाळ्यात पात्रात वाळू उघडी पडते आणि मध्येच सहस्रकुंडाला नदी कड्यावरून खाली कोसळते. शिवाय खालच्या अंगाला ती वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांची सरहद्द होती, आणि सरहद्दीची नदी सुधारायला कुठलंच सरकार पैसा काढत नाही. तरी पूर्वेकडचा मार्ग झाला असता तर गोष्ट थोडी वेगळी झाली असती. वर्धेच्या काठाला मोठी उताराची पेठ बसली असती. मेहकर, रिसोड, वाशीमकडून तिकडे जाणारे गाडीरस्ते पैनगंगेच्या खोऱ्यातून पडले असते आणि त्या खोऱ्याला व्यापाराचं स्वतःचं तोंड मिळालं असतं. रेल्वे पूर्णेच्या खोऱ्यात गेली आणि घाटावरचा सगळा माल डोंगर उतरून घाटाखाली जाणार हे कायमचं ठरलं. बुलढाणा शहराला, जिल्ह्याच्या ठाण्याला, आजही स्टेशन नाही. मलकापूर गाठावं लागतं, राजूर घाट उतरून.

नदीवर नावा चालवायचं स्वप्न मात्र मेलं नाही. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातल्या 111 जलमार्गांची यादी आहे. तिच्यात 78 व्या क्रमांकावर पैनगंगा-वर्धा नदी आहे, 265 किलोमीटर, आणि 109 व्या क्रमांकावर वैनगंगा-प्राणहिता. हेगनं पाहणी केली तीच पात्रं, फक्त आता पैनगंगेचं नावही यादीत चढलं आहे. नाव चढून वर्षं लोटली, तरी वऱ्हाडचा कापूस आजही ट्रकनं जातो. दुसरीकडे, सिरोंच्यासमोर मेडीगड्डाला तेलंगणानं कालेश्वरम प्रकल्पाचा प्रचंड बॅरेज बांधला. 2019 साली त्याचं उद्घाटन झालं, 2023 च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. ज्या टापूनं 1860 च्या दशकात इंजिनिअरांची परीक्षा घेतली, तो अजूनही परीक्षा घेतोच आहे.

आणि आता नवी योजना बुलढाण्याच्या दारात आली आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळानं वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं पाणी सुमारे 426 किलोमीटरच्या कालव्यानं विदर्भ आडवा ओलांडून नळगंगेपर्यंत आणायचं आहे. खर्चाचा अंदाज 87 हजार कोटींच्या वर, भिजणारं क्षेत्र 3 लाख 71 हजार हेक्टर. कॉटनच्या काळात इकडचा माल नदीनं पूर्वेला न्यायचा होता; या वेळी पूर्वेची नदीच इकडे आणायची आहे. वैनगंगा तीच, प्राणहितेची थोरली धार.

मला या प्रकल्पाबद्दल आकस नाही. आत्महत्या मोजून थकलेल्या या जिल्ह्याला पाणी हवंच आहे. पण गोदावरीच्या कामाची फाईल ज्यानं वाचली आहे त्याला दोन गोष्टी विचारल्याशिवाय राहवणार नाही. पहिली पैशाच्या ओघाची. दुम्मगुडेमला इंजिनिअर कमी पडले नाहीत. दरवर्षीच्या मंजुरीवर लटकलेलं काम तुटीचं वर्ष येताच कापलं गेलं. 1988 साली पायाभरणी झालेलं गोसेखुर्द स्वतः कित्येक दशकं रखडलं, हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. 426 किलोमीटरचा कालवा अर्ध्यावर सोडला तर अर्धा फायदा मिळत नाही, काहीच मिळत नाही. म्हणून मंजुरीच्या बातमीपेक्षा दरवर्षीची तरतूद किती, खर्च किती आणि कालवा कुठल्या किलोमीटरला आला, यावर जिल्ह्यानं लक्ष ठेवलं पाहिजे, आणि आपल्या आमदार-खासदारांना ते आकडे जाहीरपणे विचारले पाहिजेत.

दुसरी गोष्ट घाटाची. नळगंगा मोताळा तालुक्यात आहे, पूर्णेच्या खोऱ्यात. रूळ पूर्णेच्या खोऱ्यात आले, मोठी पेठ तिथंच बसली, आणि आता वैनगंगेचं पाणीही तिथंच येऊन थांबणार आहे. डोंगराच्या वर मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेड राजा हे तालुके या कालव्याच्या शेवटच्या टोकाहून उंचावर आहेत. त्यांच्यापर्यंत हे पाणी कसं पोचणार, हा माझा दुसरा प्रश्न. खामगाव-जालना रेल्वेची त्यांची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे आणि मेहकरला आजही रेल्वे नाही.